'नाइफ'मधला 'के' कुठे गेला? मुक्या इंग्रजी अक्षरांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजीच्या शिकवणीला येणारी मुलं आणि त्यांना सोडायला येणारे पालक वर्षानुवर्षं जे प्रश्न विचारत आले, ते इथे एकत्र केले आहेत. स्पेलिंग वर्गात मोठ्याने म्हणतात तशीच लिहिली आहेत: के, एन, डबल ई, 'नी' म्हणजे गुडघा. शेजारी वही घेऊन बसलात तर उत्तम.

बोलायचंच नाही, तर ते अक्षर लिहायचं कशाला?

बहुतेक वेळा उत्तर एवढंच, की कधीकाळी ते बोललं जायचं. काही अक्षरं पूर्वी खणखणीत ऐकू यायची, पुढे जिभेने ती टाकली, हाताने मात्र धरून ठेवली. काही परभाषेतल्या शब्दांबरोबर आली आणि ती जोडाक्षरं इंग्रजांच्या तोंडात बसेनात. आणि काही चक्क पंडितांनी घुसडली, ती इंग्रजीत कुणी कधी बोललंच नव्हतं! कुठलं अक्षर कुठल्या वाटेने आलं हे कळलं की निम्मी घोकंपट्टी वाचते.

शब्द एकेक पाठ करावेत की गटाने?

गटाने, आणि गट अक्षरांच्या जोडीचा करावा. 'के सायलेंट असतो' हे वाक्य मुलांच्या काही कामाचं नाही, कारण के एरवी चांगला बोलका आहे. शब्दाच्या सुरुवातीला एनच्या आधी आला तरच तो गप्प बसतो. तसाच डब्ल्यू आरच्या आधी, आणि बी शब्दाच्या शेवटी एमच्या मागे. मुकं अक्षर एकट्याचं लक्षात राहत नाही, शेजाऱ्यासकट राहतं.

के-एनने सुरू होणारे महत्त्वाचे शब्द कोणते, आणि त्यांचे अर्थ?

नाइफ म्हणजे सुरी, नी म्हणजे गुडघा, नील म्हणजे गुडघे टेकणे. नॉक म्हणजे दार ठोठावणे, नकल म्हणजे बोटाचं पेर, तेच ज्याने आपण दार ठोठावतो. नॉट म्हणजे गाठ आणि निट म्हणजे विणणे. ही दोन सख्खी भावंडं आहेत, कारण निटचा जुना अर्थ गाठ मारणे असाच होता. नीड म्हणजे कणीक मळणे. (गरज या अर्थाच्या 'नीड'मध्ये के नाही. दोन्ही एकाच वाक्यात घालून मुलांना लिहायला द्या, गंमत येते.) नॅक म्हणजे हातोटी, नोल म्हणजे लहानशी टेकडी, नेल म्हणजे कुणी गेल्यावर वाजणारी चर्चची घंटा.

आता दोन शब्द जरा सावकाश पाहू. नाइट म्हणजे चिलखत घातलेला सरदार, आणि नेव्ह म्हणजे लबाड माणूस. जुन्या इंग्रजीत दोघांचाही अर्थ जवळजवळ एकच होता: पोरगा, हाताखालचा पोऱ्या. एक पोऱ्या राजाच्या पदरी राहिला आणि सरदार झाला. दुसरा घरगडीच राहिला, पुढे बदमाश ठरला आणि शेवटी पत्त्यांच्या कॅटमध्ये जाऊन बसला. पत्त्यातल्या ज्याला आपण गुलाम म्हणतो त्याचं इंग्रजीतलं जुनं नाव नेव्हच. जर्मन भाषेत 'क्नेख्ट' म्हणजे आजही शेतावरचा गडी आणि 'क्नाबे' म्हणजे मुलगा, आणि जर्मन माणसं त्यातला क स्वच्छ उच्चारतात. गुडघ्यालाही ती 'क्नी' म्हणतात.

मराठी मुलांसाठी या गटाची खरी मेजवानी मात्र 'नो' या शब्दात आहे. के-एन-ओ-डब्ल्यू, म्हणजे जाणणे. संस्कृतातला 'ज्ञा' धातू, आपलं 'जाणणे' आणि हा 'नो' एकाच घराण्यातले आहेत. ज्ञमध्ये दोन व्यंजनं चिकटलेली आहेत, तशीच इंग्रजीत के आणि एन. आपण मराठीत ज्ञ लिहितो आणि म्हणतो द्न्य, इंग्रज के-एन लिहितो आणि म्हणतो न. दोघांनीही लिहिलेलं जसंच्या तसं वाचणं सोडलंय, तेव्हा हसायचं कुणी कुणाला? गुडघ्याचंही तेच आहे. नी म्हणजे संस्कृत 'जानु'. हात गुडघ्यापर्यंत पोहोचतात तो आजानुबाहू. हे सांगितल्यावर 'नी'च्या स्पेलिंगमधला के विसरलेला विद्यार्थी मला तरी भेटलेला नाही.

हा के गप्प कधी झाला? आणि त्याच वेळी स्पेलिंगमधून का काढला नाही?

सतराव्या शतकात तो हळूहळू गळत गेला. काढला नाही, कारण तोवर छापखाना येऊन बराच काळ लोटला होता. विल्यम कॅक्स्टनने लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना थाटला तो १४७६ साली. हाताने पोथ्या लिहिल्या जात तेव्हा प्रत्येक लेखनिक आपल्या कानाला पटेल तसं लिहायचा. छापील पुस्तकं पसरली तशी शब्दांची रूपं गोठत गेली, आणि सॅम्युएल जॉन्सनचा कोश १७५५ साली आला तोवर सुशिक्षितांच्या लेखी स्पेलिंगचा प्रश्न जवळपास मिटला होता. बोलणं पुढे निघून गेलं, लिहिणं फलाटावरच राहिलं.

डब्ल्यू-आरचे शब्द कसे लक्षात ठेवायचे?

ओला टॉवेल पिळायचा. खरंच! रिंग (डब्ल्यूवाला) म्हणजे पिळणे. मग तो पीळ पुढच्या शब्दांमध्ये शोधत जायचा. रिस्ट म्हणजे मनगट, हात जिथे वळतो ती जागा. रेसल म्हणजे कुस्ती खेळणे, एकमेकांना पिरगाळणे. रीथ म्हणजे वळून केलेलं फुलांचं कडं, रेंच म्हणजे नट पिळायचा पाना किंवा हिसका देऊन पिरगाळणे, रिगल म्हणजे वळवळणे, रिंकल म्हणजे सुरकुती, राय म्हणजे वाकडं, तिरकस. वेदनेने तळमळणाऱ्यासाठी शब्द आहे राइद.

आणि राँग? चूक या अर्थाचा हा शब्दही मुळात 'वाकडं' असाच आहे. मराठीत आपण 'वाकड्या वाटेला लागला' म्हणतो, अगदी तसंच. त्याच्या उलट राइट (बिनडब्ल्यूचा) म्हणजे सरळ, आणि तो संस्कृतातल्या 'ऋजु'चा नातेवाईक.

सगळे डब्ल्यू-आर या पिळात बसत नाहीत. राइट म्हणजे लिहिणे, ह्याचा मूळ अर्थ ओरखडणे, कोरणे. रेन नावाचा छोटा पक्षी, रेक म्हणजे फुटलेलं जहाज, हेही वेगळे ठेवा.

जी-एचचा कधी फ होतो, कधी काहीच होत नाही. याला काही धरबंध आहे का?

थोडा आहे, पण फार अपेक्षा ठेवू नका.

जुन्या इंग्रजीत नाइट (रात्र), लाइट (उजेड), एट (आठ), डॉटर (मुलगी) या शब्दांमध्ये घशातून घासून निघणारा एक ध्वनी होता, ख आणि ह यांच्या मधला. उर्दूतला नुक्तेवाला ख ज्यांनी ऐकलाय त्यांना कल्पना येईल. हा ध्वनी लिहायला नॉर्मन काळानंतरच्या (फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं त्यानंतरच्या) लेखनिकांनी जी-एच ही जोडी रूढ केली. पुढे इंग्रजांनी तो ध्वनीच सोडला. जर्मनांनी सोडला नाही: नाख्ट, लिख्ट, आख्ट, टोख्टर. शेजारी संस्कृत शब्द मांडले की चित्र पुरं होतं: नक्त, अष्ट, दुहिता. आजीच्या तोंडचं श्रावणी सोमवारचं 'नक्त' आठवतंय का, दिवसभर उपास करून सूर्य मावळल्यावर जेवायचं ते? नाइटमधला मुका जी-एच म्हणजे त्या नक्तमधला क.

काही शब्दांत हा ध्वनी नाहीसा न होता ओठांवर सरकला आणि फ झाला. असे शब्द मोजकेच, म्हणून पाठच करून टाकावेत: लाफ म्हणजे हसणे, कफ म्हणजे खोकला (इंग्रज 'कॉफ' म्हणतो), रफ म्हणजे खडबडीत, टफ म्हणजे चिवट किंवा कठीण, इनफ म्हणजे पुरेसं, ड्राफ्ट म्हणजे वाऱ्याचा झोत. या शेवटच्याचं स्पेलिंग डी-आर-ए-यू-जी-एच-टी. कच्चा मसुदा या अर्थाचा साध्या एफचा ड्राफ्ट ब्रिटिश लेखनात वेगळा लिहितात.

शब्दाच्या सुरुवातीला मात्र जी-एच कधीही फ नसतो, तिथे तो सरळ ग असतो. घोस्ट म्हणजे भूत, इंग्रज उच्चार गोस्ट. जुन्या इंग्रजीत यात एच नव्हता. कॅक्स्टन छपाई शिकला आणि सुरुवातीला काम केलं ते युरोपखंडात, तिथल्या फ्लेमिश (आजच्या बेल्जियमकडची भाषा) लिहिण्याच्या सवयीतून हा एच आला असं मानतात. घी आणि घाट हे शब्द इंग्रजीत आपल्याकडूनच गेले, त्यांच्यातला घ तिकडे पोहोचेपर्यंत ग झाला.

ओ-यू-जी-एच या चार अक्षरांचे उच्चार तरी किती?

मोजत बसा: दो (जरी), थ्रू (आरपार), थरो (कसून केलेलं), बाउ (झाडाची फांदी), कॉफ (खोकला), टफ (चिवट), थॉट (विचार). शिवाय हिकप, म्हणजे उचकी, कधीकधी या चार अक्षरांनी लिहिलेली दिसते. उचकीचा खोकल्याशी संबंध असावा असं कुणाला तरी वाटलं, त्याचा हा परिणाम. इथे युक्ती नाही. पाठांतर.

डिलाइटमध्येही जी-एच आहे. तोही जुनाच ना?

नाही, तो तोतया आहे. डिलाइट म्हणजे आनंद, हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि पूर्वी त्याच्या स्पेलिंगमध्ये जी-एच नव्हता. लाइट, नाइट, राइट यांच्या पंक्तीला बसला म्हणून त्यालाही तसाच पोशाख मिळाला.

डेट (कर्ज) आणि डाउट (शंका) यांत बी कशासाठी?

हाच तो पंडितांचा उद्योग. हे दोन्ही शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आले तेव्हा त्यांच्यात बी नव्हता. पुढे लॅटिनचं वेड असलेल्या विद्वानांना दाखवून द्यायचं होतं की डेट हा लॅटिन 'देबितुम'चा वंशज आहे आणि डाउट 'दुबितारे'चा. म्हणून लॅटिनमधला बी आणून मधे बसवला. बोलणाऱ्यांनी त्याची दखल घेतली नाही. शेक्सपिअरच्या १५९८ साली छापलेल्या 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट' नाटकात होलोफर्नीस नावाचा एक पंतोजी आहे. लोक या शब्दांमधला बी उच्चारत नाहीत म्हणून तो वैतागतो. त्या काळातही त्याला प्रेक्षक हसलेच असणार.

असाच घुसवलेला पी रिसीटमध्ये आहे, म्हणजे पावतीत. डिसीट म्हणजे फसवणूक आणि कन्सीट म्हणजे गर्व, हे त्याच लॅटिन धातूचे शब्द, पण त्यांना पी द्यायचं राहून गेलं. सॅमन माशाचा एलसुद्धा लॅटिनच्या मोहातून आला. फॉल्ट म्हणजे दोष, त्याचाही एल असाच आणलेला, पण इथे उलटं घडलं. लोक तो वाचता वाचता बोलायला लागले. आज लाइट गेली की आपण 'केबलमध्ये फॉल्ट आहे' म्हणतो ना, त्यातला ल हा पंडितांचा विजय.

आयलंडमधला एस, कुडमधला एल, होलमधला डब्ल्यू?

तिघेही चुकीच्या संगतीने आलेले. आयलंड म्हणजे बेट, हा अस्सल जुना इंग्रजी शब्द. आइल हा फ्रेंच शब्द दिसायला आणि अर्थाला सारखा, त्याच्याकडून एस लागला. कुडला वुड आणि शुड यांच्याकडे बघून एल मिळाला, त्या दोघांचा एल खरा आहे. होल म्हणजे संपूर्ण, हा हील (बरं करणे) आणि हेल्थ यांच्या घरातला, त्यात डब्ल्यूचं काही काम नव्हतं.

टूमधला डब्ल्यू मात्र अस्सल आहे. ट्विन, ट्वेल्व, ट्वेंटीत तो ऐकू येतो, आणि संस्कृत 'द्वि'मध्ये व म्हणून आजही उभा आहे.

पी-एस, पी-एन, पी-टी?

ग्रीक. सायकॉलॉजी म्हणजे मानसशास्त्र, सूडो म्हणजे खोटा, साम म्हणजे ख्रिस्ती स्तोत्र. न्यूमोनियात ग्रीकमधलं फुप्फुस आहे. टेरोडॅक्टिल या उडत्या प्राचीन सरपटणाऱ्या प्राण्याच्या नावात 'प्टेर' म्हणजे पंख आणि पुढे बोट. शब्दाच्या सुरुवातीला हा प गप्प बसतो, मधे आला की बोलतो. हेलिकॉप्टर हा शब्द हेलिको आणि प्टेर असा फुटतो, म्हणजे मळसूत्री पंखवाला. आपण उगाच हेली आणि कॉप्टर असा तोडतो.

मूल शुद्धलेखनात मुकं अक्षर विसरतं. काही उपाय?

त्या शब्दाचं असं भावंड शोधा ज्यात ते अक्षर बोलतं. साइनमधला जी सिग्नेचरमध्ये ऐकू येतो. कंडेम म्हणजे धिक्कारणे, त्यातला एन कंडेम्नेशनमध्ये. ऑटम म्हणजे शरद ऋतू, त्याचा एन ऑटम्नलमध्ये. कॉलमचा कॉलम्निस्टमध्ये. सॉफनचा टी सॉफ्टमध्ये, हेसनचा हेस्टमध्ये. डेटचा बी डेबिटमध्ये, आणि बँकेचा मेसेज वाचणाऱ्या कुठल्याही पालकाला तो माहीत असतो. क्रम म्हणजे पावाचा चुरा, त्याचा बी क्रंबल म्हणजे चुरा होणे यात.

मसल म्हणजे स्नायू, यातला सी मस्क्युलरमध्ये बोलतो. लॅटिनमध्ये मूळ शब्दाचा अर्थ 'छोटा उंदीर'. रोमन लोकांना कातडीखाली उंदीर पळताना दिसला, आणि आपली पोरं दंड फुगवून बेटकुळी दाखवतात. प्राणी बदलला, कल्पना तीच.

फॉरेन आणि सॉव्हरिन यांच्या जी-एनला मात्र असं भावंड सापडणार नाही, कारण त्यांचा जी खोटाच आहे. रेन म्हणजे राज्य करणे, त्याच्यासारखं दिसावं म्हणून सॉव्हरिनला तो चिकटवला.

ऑफन म्हणावं की ऑफ्टन?

दोन्ही चालतं. बरेच कोश दोन्ही देतात. लिसन, कासल, व्हिसल यांत मात्र टी उच्चारू नका.

इंग्रजांनी स्पेलिंग सुधारली का नाहीत?

प्रयत्न झाले. अमेरिकेत नोआ वेब्स्टरने १८२८ च्या आपल्या कोशात कलर आणि ऑनर यांतला यू काढला, नांगराच्या प्लाउचा जी-एच काढून डब्ल्यू ठेवला, आणि ते टिकलं. पण जिभेसाठी त्याने सुचवलेलं टी-यू-एन-जी कुणी स्वीकारलं नाही. इंग्रजीला नियम लावणारी अशी एक अधिकृत संस्थाच नाही, हे मोठं कारण. दुसरं असं, की उच्चाराप्रमाणे लिहायचं तर कुणाच्या उच्चाराप्रमाणे, लंडनच्या, ग्लासगोच्या, टेक्ससच्या की पुण्याच्या?

मराठीत अशी मुकी अक्षरं नाहीत, हे खरं ना?

आज जवळपास नाहीत. १९६२ पर्यंत होती! जुनी पुस्तकं किंवा घरातली जुनी पत्रं काढा: नांव, पांच, दांत, कांहीं, घरें. ते सगळे अनुस्वार लिहायचे, पण बोलायचे नव्हते, आणि कुठे द्यायचा हे पाठ करताना मुलं रडायची. तेही उगाच नव्हते. पांचमध्ये पंच होता, दांतमध्ये दंत होता, नाइटमध्ये नक्त आहे तसाच. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले आणि पुढच्या पिढ्यांचे मार्क वाचले. थोडं नुकसानही झालं. पूर्वी नांव म्हणजे नेम आणि नाव म्हणजे होडी हे कागदावर वेगळं दिसायचं, आता दोन्ही एकाच होडीत बसले आहेत.

मुंबईचा माणूस 'बॉम्ब' आणि 'प्लंबर' म्हणतो. ही चूक आहे का?

मराठीत बोलताना मुळीच नाही. इंग्रजीत बोलताना बॉम आणि प्लमर. एम-बीने संपणाऱ्या शब्दांत बी मुका: लॅम म्हणजे कोकरू, कोम म्हणजे कंगवा, टूम म्हणजे थडगं, वूम म्हणजे गर्भाशय, क्लाइम म्हणजे चढणे, डम म्हणजे मुका (मुक्या माणसासाठी आज हा शब्द अपमानकारक समजतात, वापरू नका), थम म्हणजे अंगठा, लिम म्हणजे हात किंवा पाय, नम म्हणजे बधिर. यांतल्या कोकरू, कंगवा यांचा बी पूर्वी बोलला जायचा. अंगठा आणि लिम यांचा नंतर देखादेखी लागला.

प्लमरचा बी लॅटिन 'प्लुंबुम'चा, म्हणजे शिशाचा. रोमन लोक पाण्याचे नळ शिशाचे करायचे, आणि रसायनशास्त्रात शिशाची संज्ञा आजही पी-बी आहे. आपण तो ब मोठ्याने म्हणतो तेव्हा नकळत लॅटिनच्याच जवळ असतो. मुलाखतीत प्लमर म्हणा. घरात नळ गळत असेल तर फोनवर प्लंबरच म्हणा, नाहीतर कुणी येणार नाही.